गव्हाणीच्या नावावर जगलेली डाळ

धानाच्या मुलखात गुरांच्या चाऱ्याची ददात नसावी, असे बाहेरच्या माणसाला वाटते. दिवाळी सरली की भंडारा जिल्ह्यात ज्या गावात जावे तिथे घरामागे, खळ्याशेजारी तणसाचे ढीग रचलेले दिसतात. एवढे वैरण असताना जनावर हाडाचे का दिसते, दूध लोटाभरच का निघते, असा प्रश्न पाहुण्याला पडतो. उत्तर त्या ढिगातच आहे. धानाच्या तणसात प्रथिने शंभरात तीन-चार भाग. गाई-म्हशींच्या पोटात जे सूक्ष्म जीव चारा कुजवून त्याचे अन्न करतात, त्यांना स्वतःला जगायला चाऱ्यात निदान सात टक्के प्रथिने लागतात. त्याच्या खाली गेले की ते जीव मंदावतात, चारा पोटात नुसता पडून राहतो, आणि जनावर भरल्या पोटी उपाशी राहते. शिवाय तणसात वाळूचा अंश, म्हणजे सिलिका, भरपूर. थोडक्यात, धान पिकवणाऱ्या शेतकऱ्याकडे पोट भरायचा माल मुबलक आणि अंगी लागायचा माल तुटपुंजा.

ही तूट कशाने भरायची? आज हा प्रश्न पशुखाद्याच्या पोत्यावर छापलेल्या आकड्याने सुटतो, असे आपण समजतो. भारतीय मानक संस्थेच्या निकषानुसार पहिल्या प्रतीच्या तयार पशुखाद्यात किमान २२ टक्के प्रथिने, दुसऱ्या प्रतीच्या खाद्यात २० टक्के. सरकीची ढेप की सोयाबीनची, जवसाची की भुईमुगाची, हे टक्केवारी आणि भाव पाहून ठरवावे, असे सल्ले आपण ऐकतो. सल्ला वाईट नाही. पण या जिल्ह्याच्या गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास पाहिला तर गुरांनी काय खावे हे टक्केवारीने क्वचितच ठरवले. रेल्वेने ठरवले, साहेबाच्या देशातल्या गोठ्यांनी ठरवले, दुष्काळाने ठरवले आणि एकदा तर राज्याच्या सीमेने ठरवले. जिल्हा म्हणताना मी जुना, म्हणजे १ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा होण्यापूर्वीचा भंडारा जिल्हा धरतो आहे. बांधी तीच, तलाव तेच, गुरे तीच.

जुन्या माणसांनी प्रथिनांची सोय धानाच्या बांधीतच केली होती. धान निसवून पिवळे पडू लागले, बांधीत अजून ओल आहे, कापणीला दहा-पंधरा दिवस आहेत, अशा वेळी उभ्या धानात लाखोळीचे किंवा जवसाचे बी फेकायचे. नांगर नाही, वखर नाही. धानाच्या सावलीत, चिखलाच्या ओलीवर बी रुजते. धान कापले जाते तोवर रोप बोटभर वर आलेले असते. विळ्याने धान कापणारा माणूस पाय जपून टाकतो. पुढे थंडी आणि दव यांवर पीक वाढते, आणि फाल्गुनाच्या सुमारास हाती येते. याला आपल्याकडे उतेरा म्हणतात. शेतीच्या पुस्तकात उतेऱ्याची गणना ‘दुबार पीक’ अशी होते. पण खर्चाच्या बाजूने पाहिले तर हे जवळजवळ फुकटचे पीक होते. बियाणे घरचे, मेहनत एका सकाळची.

लाखोळीला कोणी लाखोरी म्हणतो, कोणी लाख. हिंदी मुलखात ती तिवडा किंवा खेसारी. निळसर फुलांचे, वाटाण्याच्या जातकुळीतले हे झुडूप. मुळांवर गाठी, त्यामुळे हवेतला नत्र जमिनीत बांधला जातो आणि पुढच्या धानाला मिळतो. दाण्यात प्रथिने साधारण २८ टक्के. दाणे झोडून उरलेले कुटारही धानाच्या तणसापेक्षा कितीतरी सकस. तणसात हे कुटार मिसळले आणि वर ओंजळभर भरडलेली, भिजवलेली लाखोळी टाकली, की नांगराच्या बैलाचा आणि दुभत्या म्हशीचा प्रश्न बऱ्यापैकी सुटत असे. माणसांच्या ताटातही ती होतीच. लाखोळीचे वडे, डाळ, कोवळ्या शेंड्यांची भाजी हे झाडीपट्टीचे जेवण आहे. दाणा माणसाला, चुनी आणि कुटार गुरांना, गाठी जमिनीला, अशी ती वाटणी होती.

जवसाची कथा थोडी वेगळी. जवस घाणीवर गाळले की तेल घरात आणि ढेप गोठ्यात. ढेपेत तीसेक टक्के प्रथिने, शिवाय तेलाचा अंश, त्यामुळे बैलाच्या कातडीवर चकाकी येते. ज्या भागात शंकरपट हा प्रतिष्ठेचा विषय आहे तिथे या चकाकीची किंमत सांगायला नको. पण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या जवसाचे गिऱ्हाईक बदलले. १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला नागपूरहून छत्तीसगडकडे जाणारा लोहमार्ग या जिल्ह्यातून गेला, पुढे तो बंगाल-नागपूर रेल्वेचा झाला. भंडारा रोड, तुमसर रोड ही नावे तेव्हाची. आता जवसाची पोती मुंबईला आणि तिथून जहाजाने इंग्लंडला जाऊ लागली. तेल रंगाच्या कारखान्यांना लागे. आणि ढेप? ती इंग्लंडच्या गाईंना. तिथे त्या काळी गोठ्यात ढेप घालून मांस, दूध आणि शेणखत तिन्ही वाढवण्याची शेती भरात होती, आणि हिंदुस्थान व रशिया हे त्या गोठ्यांचे पुरवठादार होते.

याची नोंद एका इंग्रजानेच घेतली, आणि ती मुद्दाम सांगण्यासारखी आहे. जॉन ऑगस्टस वोल्कर हे इंग्लंडच्या रॉयल अॅग्रिकल्चरल सोसायटीचे सल्लागार रसायनशास्त्रज्ञ. त्यांचे वडील त्याच पदावर होते आणि ढेपेतली भेसळ पकडण्यात त्यांची हयात गेली होती. म्हणजे ढेप हा या घराण्याचा विषयच. सरकारने धाकट्या वोल्करना हिंदी शेतीची पाहणी करायला बोलावले. १८८९ ते १८९१ या काळात ते देशभर हिंडले आणि १८९३ मध्ये त्यांचा जाडजूड अहवाल प्रसिद्ध झाला. हिंदी कुणब्याला शेती कळत नाही, हा साहेबी समज त्यांनी मोडून काढला, त्यासाठी तो अहवाल प्रसिद्ध आहे. पण त्यात आणखी एक मुद्दा आहे. तेलबिया अख्ख्या परदेशी जातात तेव्हा जमिनीचा कसच बोटीत भरून जातो. तेल गेले तर काही बिघडत नाही, कारण तेल हवा-पाण्यापासून बनते. पण ढेप देशात राहिली पाहिजे, कारण जमिनीतून उपसलेले सत्त्व ढेपेत असते. ढेप जनावराला, जनावराचे शेण शेताला, असा फेरा पुरा व्हायला हवा.

योगायोग पाहा. त्याच १८९३ साली ब्रिटिश पार्लमेंटने खते आणि पशुखाद्ये यांच्याबद्दल एक कायदा केला. ‘जवसाची ढेप’ म्हणून विकायची तर ती निव्वळ जवसाचीच असली पाहिजे, अशी हमी विक्रेत्यावर आली. इंग्लंडच्या गाईच्या ढेपेला कायद्याचे संरक्षण मिळाले. ज्या मुलखातून जवस जात होते तिथल्या बैलाला ढेप मिळावी यासाठी वोल्करांचे पान सोडले तर दुसरे काही झाले नाही.

हिंदुस्थानातून इंग्लंडला आणखी एक दाणा जात होता. तिथल्या बाजारात त्याला ‘इंडियन पीज’ किंवा सरळ ‘मटर पीज’ म्हणत. मटर हा आपलाच शब्द, पण पोत्यात असे ती लाखोळी. स्वस्त आणि प्रथिनयुक्त, म्हणून शहरांतल्या गाड्या आणि ट्रामगाड्या ओढणाऱ्या घोड्यांना ती घालू लागले. काही आठवड्यांनी घोडे विचित्र आवाज करू लागले. चढावर किंवा धावताना घशातून घरघर निघे, श्वास कोंडे, काही जागीच कोसळत. स्वरयंत्राची नस लुळी पडत होती. ब्रिस्टल, लिव्हरपूल यांसारख्या बंदरांच्या शहरांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पशुवैद्यांनी हे नोंदवले. प्राण्यांपैकी घोडा लाखोळीला सर्वांत लवकर बळी पडतो, हे ज्ञान असे मिळाले.

माणसांच्या बाबतीत ते आधीच मिळाले होते. मेजर-जनरल स्लीमन, ठगांचा बंदोबस्त करणारे म्हणून आपल्याला ठाऊक असलेले, यांनी १८४४ च्या आपल्या प्रवासग्रंथात सागर भागातल्या एका गावाची हकीकत दिली आहे. १८२९ मध्ये गारपिटीने गहू गेला, १८३० मध्ये पावसाने दगा दिला, १८३१ मध्ये तांबेऱ्याने. तिन्ही वर्षे तिवडा मात्र जोमाने आला. लोकांनी तोच खाल्ला. १८३३ मध्ये तरुण माणसे झोपेतून उठली ती कमरेखाली लुळी होऊन. पुढे १८९६ ते १९०२ या दुष्काळी वर्षांत मध्य प्रांतात या रोगाने पुन्हा डोके काढले, आणि मेजर बुकॅनन या वैद्यकीय अधिकाऱ्याने त्यावर स्वतंत्र अहवाल लिहिला. तो नागपूरला छापला गेला. रोगाला तोवर इटलीतल्या नेपल्सच्या कान्तानी यांनी १८७३ मध्ये दिलेले ‘लॅथिरिझम’ हे नाव रुळले होते.

इथे थोडे थांबले पाहिजे, कारण पुढचा सगळा वाद या एका मुद्द्यावर उभा आहे. लाखोळी खाल्ली की माणूस लुळा पडतो, हे अर्धे वाक्य आहे. पुरे वाक्य असे, की जेवणाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक लाखोळीच असेल आणि असे दोन-तीन ते सहा महिने चालले, तर काही माणसे लुळी पडतात. रेवा आणि आसपासच्या भागात बांधील शेतमजुराला मजुरीच खेसारीच्या रूपात मिळे. त्याच्या ताटात दुसरे काही नव्हते. भाकरी तिचीच, डाळ तिचीच. भंडाऱ्याच्या ताटात मात्र भाताचा ढीग आणि बाजूला लाखोळीचे वरण. दाणा एकच, पण एकीकडे तो अन्न होता आणि दुसरीकडे तोंडीलावणे. दुष्काळ ही या दाण्याची खरी परीक्षा. पाऊस कमी पडला, जमिनीत जस्ताची कमतरता असली, की दाण्यातले विषारी द्रव्य वाढते, असे नंतरच्या संशोधनात दिसले. म्हणजे ज्या वर्षी गरीब माणसाला लाखोळीवाचून दुसरे काही मिळत नाही, नेमक्या त्याच वर्षी ती अधिक विषारी असते.

आता राज्याच्या सीमेची गोष्ट. भंडारा हा मध्य प्रांताचा जिल्हा. स्वातंत्र्यानंतर मध्य प्रदेशाचा. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. पुढे १९६१ च्या सुमारास केंद्र सरकारने अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांत ४४-अ हा नियम घातला. खेसारी, तिची डाळ, तिचे पीठ किंवा तिची भेसळ असलेला कोणताही जिन्नस विकायचा नाही. पण हा नियम केव्हापासून लागू करायचा ती तारीख ज्या त्या राज्याने ठरवायची, अशी त्यात सोय होती. महाराष्ट्राने बंदी घातली. मध्य प्रदेशाने, जिथे हे पीक सर्वांत जास्त होते, ती घातली नाही. बिहार आणि पश्चिम बंगालनेही नाही. बालाघाट आणि भंडारा यांच्यामध्ये ना मातीचा फरक, ना धानाचा, ना जेवणाचा. पाच वर्षांपूर्वीपर्यंत दोघांची राजधानीही एकच होती. आता सीमेच्या अलीकडची लाखोळी गुन्हा झाली आणि पलीकडची डाळ राहिली.

बंदीमागचा हेतू वाईट होता असे मी म्हणणार नाही. तुरीच्या डाळीत आणि बेसनात लाखोळी मिसळून शहरात विकणारे व्यापारी होतेच, आणि लुळे पडलेले लोक ही कल्पनेतली गोष्ट नव्हती. पण बंदी विक्रीवर होती, पोटावर नव्हती. लोक घरची लाखोळी खात राहिले आणि पेरतही राहिले, कारण उतेऱ्यात तिच्यासारखे दुसरे पीक नाही. हरभऱ्याला इतकी ओल सोसत नाही. जी जास्तीची लाखोळी विकायची ती ‘गुरांसाठी’ म्हणून विकली जाऊ लागली. जनावराच्या खाद्याचा भाव माणसाच्या डाळीच्या भावाला कधी पोहोचत नाही. तेव्हा शेतकऱ्याला मिळाला ढेपेचा भाव, आणि पुढे कोण्या गिरणीत ती इतर डाळींत मिसळली गेली असेल तर तिला मिळाला डाळीचा. मधला फरक कोणाच्या खिशात गेला हे सांगायला पंडित लागत नाही. बंदीने लाखोळी संपली नाही, ती गव्हाणीच्या नावावर जगली. डाळीला माणसाच्या ताटातून उठवून कागदोपत्री बैलाच्या पंगतीला बसवणारा हा बहुधा एकमेव कायदा असावा.

बैलाला तरी ती मानवते का, हा प्रश्न राहतोच. प्रयोगशाळेत याचे उत्तर मिळायला फार वेळ लागला, आणि त्याचे कारण गमतीचे आहे. शास्त्रज्ञ उंदरांना लाखोळी चारत होते आणि मोठ्या उंदरांना काहीच होत नव्हते. १९६३ मध्ये हैदराबादच्या पोषण प्रयोगशाळेत कोंबडीच्या नुकत्या जन्मलेल्या पिलांना लाखोळीचा अर्क टोचला, तेव्हा त्यांच्या माना वाकड्या झाल्या आणि पाय लटपटले. विष पकडायचे साधन हाती आले. पुढच्याच वर्षी, १९६४ मध्ये, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राव, अडिगा आणि सर्मा यांनी ते द्रव्य शुद्ध रूपात वेगळे केले. त्याचे लांबलचक नाव आपण सोडून देऊ. ‘ओडॅप’ या संक्षेपाने ते ओळखतात. स्थानिक लाखोळीत ते शंभरात ०.२ ते ०.५ भाग, कधी अधिकही असते. पाण्यात विरघळते, म्हणून दाणे भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकले तर बरेचसे जाते. आपल्याकडे गुरांना लाखोळी भिजवून घालतात ती पाण्यासकट घालतात, तेव्हा त्या भिजवण्याने दाणा मऊ होतो एवढेच.

तरीही रवंथ करणारे जनावर तगते, कारण त्याच्या पहिल्या पोटातले सूक्ष्म जीव या विषाचा काही भाग मोडून टाकतात. ज्या जिवांसाठी आपण चाऱ्यात प्रथिने घालतो तेच जीव राखणदारही असतात. घोड्याला, डुकराला, कोंबडीला ही सोय नाही. लहान वासरालाही नाही, कारण त्याचे ते पोट अजून तयार झालेले नसते. म्हणून लाखोळी चांगली की वाईट, हा प्रश्नच चुकीचा विचारला जातो. कोणाला, किती, किती दिवस, आणि बरोबर दुसरे काय, हे विचारायला हवे. मोठ्या बैलाला तणसाबरोबर थोडी लाखोळी वेगळी, आणि कोंबड्यांच्या खाद्यात सोयाबीनच्या जागी लाखोळी भरणे वेगळे.

आणि विष काय फक्त लाखोळीतच असते? बी म्हणजे झाडाचे लेकरू, ते खाल्ले जाऊ नये म्हणून प्रत्येक झाडाने काही ना काही तजवीज केलेली असते. जवसाच्या ढेपेत असे द्रव्य असते की कच्ची ढेप कोमट पाण्यात ठेवली तर त्यातून प्रुसिक आम्ल सुटते. ती नीट उकळून द्यावी लागते. सरकीत गॉसिपॉल असते, ते गाई-म्हशींना सोसते, कोंबडीला आणि डुकराला नाही. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिने पचू न देणारा घटक असतो, उष्णता दिली की तो निकामी होतो. मोहाच्या ढेपेत सॅपोनिन. भुईमुगाच्या पेंडीत स्वतःचे विष नाही, पण ओलीत बुरशी धरली तर तिच्यातले अफ्लाटॉक्सिन जनावराचे यकृत खाते. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी पटापट मेले, तेव्हा ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीत हा प्रकार सापडला. धानाच्या दमट गोदामात पेंड ठेवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेले बरे. या सगळ्या ढेपा आपण उकळून, भाजून, मापात घालून वापरायला शिकलो. एका लाखोळीच्या वाट्याला मात्र शिकण्याऐवजी नियम आला. माझ्या मते याचे एक कारण साधे आहे. सोयाबीन आणि सरकीच्या मागे कारखाने होते, लाखोळीच्या मागे फक्त बांधी.

सोयाबीनचे नाव निघालेच आहे. १९८० नंतर विदर्भात ते झपाट्याने पसरले. नागपूर-वर्ध्याकडे काळ्या जमिनीत त्याने बस्तान बसवले. भंडाऱ्यात धानाने त्याला फारशी जागा दिली नाही. सोयाबीनच्या ढेपेत ४५ टक्क्यांच्या आसपास प्रथिने, कोंबड्यांच्या खाद्याला तिच्यासारखी दुसरी नाही. मग पुन्हा तोच जुना खेळ सुरू झाला. तेल देशात राहिले आणि ढेप जहाजात बसली. अनेक वर्षे भारताची सोयाढेप जपान, व्हिएतनाम, इंडोनेशिया, थायलंड इथल्या कोंबड्यांना आणि डुकरांना गेली. निर्यातीच्या आकड्यांचा आपण अभिमान धरला. वोल्कर असते तर त्यांनी आपल्या अहवालाचे ते पान उघडून पुढे केले असते. २०२१ मध्ये सोयाबीनचे भाव असे भडकले की कुक्कुटपालक हवालदिल झाले आणि ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने १२ लाख टन सोयाढेप, तीही जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची, बाहेरून आणायला परवानगी दिली. ज्या देशाने वर्षानुवर्षे ढेप विकली त्याला ती आणावी लागली.

भंडाऱ्याचा गोठा या काळात कशावर चालला? पश्चिम विदर्भातून येणारी सरकीची ढेप, तुमसर-गोंदियाच्या राइस मिलांतला कोंढा, डाळ मिलांची चुनी, आणि ज्याला परवडते त्याला तयार खाद्याचे पोते. कोंढ्यातले तेल कारखान्यात काढून घेतल्यावर उरलेल्या भुशात चौदा-पंधरा टक्के प्रथिने. वाईट नाही, पण तणसाची उणीव एकट्याने भरून काढण्याइतकी नाहीत. जी प्रथिने पूर्वी बांधीतून फुकट येत ती आता पैसे मोजून आणावी लागतात, आणि दुधाच्या हिशेबात सर्वांत मोठा खर्च खाद्याचाच असतो.

लाखोळीच्या बंदीविरुद्ध ज्यांनी सर्वांत चिकाटीने आवाज उठवला ते नागपूरचे आहारतज्ज्ञ डॉ. शांतिलाल कोठारी. त्यांनी उपोषणे केली, सत्याग्रह केले, न्यायालयात गेले. इथल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या लाखोळी खाल्ली आणि ते चालते-फिरते आहेत, हा त्यांचा मुख्य दावा होता. काही शास्त्रज्ञ त्यांच्या बाजूचे, काही कडवे विरोधी. अखेर २००८ मध्ये महाराष्ट्र सरकारने बंदी उठवली. केंद्राच्या पातळीवर मात्र गुंता सुटला नाही. जुना अन्नभेसळ कायदा जाऊन २०११ मध्ये नवे अन्नसुरक्षा नियम आले, त्यांत खेसारीवरचा निर्बंध तसाच उतरला. २०१६ च्या सुरुवातीला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञांनी कमी ओडॅपच्या तीन वाणांना अनुकूलता दाखवल्याची बातमी आली आणि दिल्लीपर्यंत पुन्हा वाद पेटला. रतन, प्रतीक आणि महातिवडा हे ते तीन वाण. रतन दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतला, बाकीचे दोन रायपूरचे. यांत ओडॅप ०.१ टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी असते.

बंदी उठली तेव्हा मात्र बांधीच बदलून गेली होती. जिथे पाणी आहे तिथे उन्हाळी धान घेतले जाते, मग मधल्या थंडीत जमीन उतेऱ्याला मोकळी सापडत नाही. गोसीखुर्दच्या कालव्यांनी हे क्षेत्र आणखी वाढवले. शेतकऱ्याला दोष देता येत नाही. धानाला सरकारी खरेदी केंद्र आहे, लाखोळीला नाही. दुसरा बदल हार्वेस्टरचा. विळ्याने धान कापणारा माणूस पाय जपून टाकत असे, यंत्राच्या चाकाला किंवा पट्ट्याला ते जमत नाही. ओल्या बांधीत बोटभर वाढलेली लाखोळी त्याखाली चिरडली जाते. यंत्र तणसही असे चोथा करून पसरते की गोळा करणे जिवावर येते. मजूर मिळत नाहीत म्हणून यंत्र आले, यंत्र आले म्हणून उतेरा गेला, उतेरा गेला म्हणून ढेपेचा खर्च वाढला, आणि खर्च वाढला म्हणून गोठ्यातली गुरे कमी झाली. गुरे कमी झाली म्हणून शेणखत आटले. या साखळीतली एकही कडी कोणी मुद्दाम तोडली नाही.

जे शेतकरी आजही लाखोळी पेरतात त्यांच्यासमोर एक वेगळीच अडचण आहे. नवे वाण आणले तरी लाखोळीच्या फुलावर मधमाशा येतात आणि परागकण या बांधीतून त्या बांधीत नेतात. एकाने रतन पेरली आणि शेजाऱ्याने घरची जुनी, तर दोन-तीन हंगामांत रतनचे बी हळूहळू जुन्या वळणावर जाते आणि ओडॅप पुन्हा वाढते. बियाणे घरचे ठेवणे हा तर उतेऱ्याचा प्राण. तेव्हा कमी विषाची लाखोळी हवी असेल तर एकतर दर दोन-तीन वर्षांनी बियाणे नवे आणायचे, नाहीतर एका शिवारातल्या सगळ्यांनी मिळून एकच वाण पेरायचा. ज्या गावात मालगुजारी तलावाचे पाणी पाळीने वाटून घ्यायची रीत अजून टिकून आहे, तिथे हे दुसरे जमण्यासारखे आहे. पेरणीआधी, धान निसवण्याच्या सुमारास, म्हणजे गणपती ते दसरा या दिवसांत ते ठरवावे लागेल.